पाचट पेटवून खोडवा सुधारत नाही

उसाचे फड तुटायला लागले की कोल्हापूरच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो: पाचट (तोडणीनंतर रानात पडलेला उसाचा वाळका पाला) पेटवा, आगीनं हुमणी (मुळं खाणारी अळी) मरते, राखेतून पोटॅश मिळतं, पाचट ठेवलं तर जमीन गार पडून खोडव्याला, म्हणजे जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या उसाला, फुटवे येत नाहीत. करवीर, कागल, हातकणंगल्यात संध्याकाळी धुराचे लोट उठतात ते याच समजुतीपायी.

आधी हुमणी. ती असते मातीत, मुळांपाशी. पाचट काही मिनिटांत भडकून विझतं, त्याची धग खोल जात नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत बहुतेक हुमणी कोष किंवा भुंगेरा होऊन आणखी खाली बसलेली असते. तिला गाठायची वेळ वळवाच्या पावसानंतरची, भुंगेरे रात्री कडुलिंब-बाभळीवर जमतात तेव्हाची. फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. आगीत मरतात ते वरच्या थरातले जिवाणू आणि मित्रकीटक.

राखेत पोटॅश असतं, हे खरं. पण पाचट कुजतानाही ते मातीलाच मिळतं. जाळल्यावर मात्र बहुतेक नत्र, बरंचसं गंधक आणि जवळजवळ सगळा सेंद्रिय कर्ब हवेत जातो. एकरी ३ ते ४ टन पाचट निघतं; एवढं शेणखत विकत घ्यायचं म्हटलं तर किती पैसे मोजावे लागतील?

गारठ्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. पाचटाखालची माती दुपारी कमी तापते, रात्री कमी निवते. थंडीत तुटलेल्या फडात बुडख्यांवरच पाचट राहिलं तर कोंब उशिरा येतात. त्यासाठी पाचट सरीत, म्हणजे उसाच्या दोन ओळींमधल्या चरात, दाबावं, बुडखे उघडे ठेवून धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटावेत. कोंबांना ऊन मिळतं आणि सरी झाकलेली राहते.

या झाकण्याची खरी किंमत मार्च-एप्रिलमध्ये कळते. खोडव्याच्या पानांनी रान झाकायला तीन-चार महिने लागतात, तोवर उघड्या मातीतली ओल ऊन-वारा ओढून नेतात. पाचट ती अडवतं, तणही दाबतं. पाण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं, आणि रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला जाणाऱ्याच्या तेवढ्या खेपा वाचतात.

"पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला" ही तक्रार मात्र खोटी नाही. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात. म्हणून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक पाचटावर टाकून लगेच पाणी द्यायचं असतं. हे न करता उसाचा एकरी उतारा घटला, तर दोष पाचटाचा कसा?

शिरोळकडच्या पाणथळ, निचरा नसलेल्या रानात पाचटाचा जाड थर ठेवू नये. तिथं ओल आधीच जास्त असते, मुळांना हवा मिळत नाही. अशा रानात आधी चर काढावेत आणि पाचट बांधाकडेला खड्ड्यात कुजवून खत म्हणून परत टाकावं.