तक्ता पाठ असूनही ‘बिग दॅन’ का येतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

इंग्रजीतली तुलना शिकवण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं, की पहिली-दुसरीच्या वर्गात लिंबू, संत्रं, पपई मांडत बसण्यापेक्षा ‘बिग, बिगर, बिगेस्ट’चा तक्ता घोकून घ्यावा, पेपरात तोच येतो. घोकण्याला माझा विरोध नाही. पण तक्ता तोंडपाठ असलेलं पोरही ‘ऑरेंज इज बिग दॅन लेमन’ म्हणतं, आणि त्याचं कारण मराठीत आहे.

मराठीत तुलना करताना विशेषणाचं रूप बदलत नाही. नागपूरचा अंबाझरी तलाव तिथल्याच फुटाळा तलावापेक्षा मोठा. ‘मोठा’ होता तसाच राहिला, सगळं काम ‘पेक्षा’नं केलं. दोनच वस्तू समोर असतील तर नुसतं ‘हा मोठा’ म्हणूनही भागतं. त्यामुळे शेवटचा ‘अर’ मुलाला बिनकामाचा वाटतो आणि मूल तो गिळतं. (आपल्या ‘बिगरशेती’तल्या ‘बिगर’चा घोळ तो वेगळाच!)

वस्तू तीन लागतात त्या यासाठी. लिंबाशेजारी संत्रं नेहमीच ‘बिगर’ राहतं, मग मूल तो संत्र्याचाच गुण समजतं. पपई ठेवली की तेच संत्रं ‘स्मॉलर’ होतं, आणि शब्द वस्तूचा नसून तुलनेचा आहे हे न सांगता कळतं. नंतर एका हातात पाव किलो मुरमुरे, दुसऱ्यात अर्धा किलो तूरडाळ द्या. मुरमुऱ्यांची पिशवी बिगर, पण डाळीची हेविअर.

‘विच इज बिगर?’ला आधी फक्त बोट दाखवू द्या, मग एक शब्द. पूर्ण वाक्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी. रोज १५ मिनिटं, आठवड्याला ४ जोड्या पुरे. शब्दपट्ट्या करत असाल तर ‘बिगर दॅन’ एकाच पट्टीवर लिहा, कापू नका. ‘पेक्षा’ नामानंतर चिकटतो, ‘दॅन’ नामाआधी येतो. सुटी पट्टी मुलं हमखास ‘लेमन दॅन’ अशी लावतात.

तुमचा तक्ता नडतो तो ‘मोर’पाशी. ‘टॉलर’ आणि ‘मोर ब्युटिफुल’ शेजारी आले की ‘जास्त उंच’च्या चालीवर ‘मोर टॉलर’ तयार होतं. दोन्हींत किमान दोन आठवडे जाऊ द्या. तसंच ‘दादा माझ्यापेक्षा मोठा’चं ‘बिगर’ होतं; तिथे ‘ओल्डर’ वेगळं शिकवावं लागतं, कारण ‘मोठा’ वयालाही चालतो आणि आकारालाही.

स्पेलिंगचं मात्र तुमचं बरोबर, ते लेखात राहूनच गेलं. त्याला तक्ता हवाच, पण वाक्यं तोंडात बसल्यावर, आणि गटांनी: टॉल, लाँगला नुसतं ई-आर, बिग, हॉट, थिनमध्ये शेवटचं अक्षर दोनदा, हेवी, हॅपीत वायचा आय. गुड-बेटर, बॅड-वर्स कुठल्याच गटात बसत नाहीत, ते वाक्यासकटच द्या. दुप्पट अक्षराचा गट सगळ्यांत शेवटी घ्या, नाहीतर मुलं ‘लाँगर’मध्येही दोन जी घालतात.