लिलाव आदल्या दिवशीच संपलेला असतो

जुन्या नाण्यांच्या लिलावाला पहिल्यांदा जाणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. हात कधी वर करायचा? सुरुवातीलाच, मधेच, की हातोडा पडता पडता? मला विचाराल तर या प्रश्नात काही दम नाही. हात कधीही वर करा. तो कुठल्या आकड्याला खाली ठेवायचा हे हॉलमध्ये शिरण्याआधी ठरलेलं नसेल, तर मात्र तुमचं काही खरं नाही. आणि ते ठरवायचं ठिकाण हॉल नव्हे, व्ह्यूइंगचं टेबल.

मुंबईत हे लिलाव बहुतेक वेळा हॉटेलच्या हॉलमध्ये होतात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी माल बघायला ठेवतात. टेबलापलीकडे कंपनीचा माणूस, अलीकडे आपण. चिठ्ठीवर लॉटचे, म्हणजे विक्रीतल्या एकेका नगाचे, नंबर लिहून द्यायचे, तो एकेक पाकीट समोर ठेवतो. पैसे पडत नाहीत. तरी तिथे दिसतात ते बहुतेक दुकानदार. हौशी मंडळी घरी बसून कॅटलॉगमधले फोटो बोटांनी मोठे करून बघतात आणि दुसऱ्या दिवशी पॅडल (बोलीसाठीची नंबराची पाटी) घेऊन त्याच दुकानदारांच्या शेजारी बसतात. एकाने माल बघितलाय, दुसऱ्याने मालाचा फोटो.

आता हातात घेतल्यावर काय दिसतं ते सांगतो. चांदीचा ब्रिटिश रुपया घ्या. आपल्याकडे हे रुपये नुसते खर्चले गेले नाहीत, गळ्यातही घातले गेले. कडी लावायची, माळेत ओवायचं. पुढे कधीतरी कुणीतरी माळ मोडली, सोनाराने कडी काढली, डाक (जोडाचा धातू) घासला, भोक असेल तर चांदी भरून बुजवलं. फोटोत नाणं झकास दिसतं, कारण फोटो समोरून काढतात. तुम्ही ते दोन बोटांत धरून कडेने फिरवा. राणीच्या डोक्याच्या बरोबर वर, घड्याळात बारा असतात तिथे, कडेचे दाते मिलीमीटर-दोन मिलीमीटर गायब असतील किंवा तेवढाच भाग जास्त गुळगुळीत लागेल. दहापट भिंगाखाली डाकाची जागा रंगावरून ओळखू येते. कॅटलॉगमध्ये याला एखादा लाजराबुजरा शब्द वापरलेला असतो, ‘एक्स-माउंट’ नाहीतर ‘कडेला किरकोळ दुरुस्ती’. कधी तोही नसतो. माझा हिशेब साधा आहे. कडी काढलेल्या नाण्याला मी चांगल्या नाण्याच्या निम्म्याहून जास्त देत नाही, मग ते कितीही दुर्मीळ म्हणा.

काटाही बरोबर ठेवा, खिशात मावणारा मिळतो. या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. वापराने झिजून थोडं कमी भरलं तर समजू शकतो. नाणं नवंकोरं दिसतंय आणि वजन ग्रॅमभर कमी, तर पाकीट परत द्या आणि पुढचं मागा. १९३९ चा चांदीचा रुपया आला तर तारखेवर जरा जास्त वेळ घालवा. तो दुर्मीळ, आणि १९३८ चा भरपूर, त्यामुळे ८ चा ९ करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. उलटंही घडतं. १८६२ चा रुपया कुणाच्याही घरात सापडेल इतका सामान्य, कारण त्याच तारखेने तो पुढे १८७४ पर्यंत पाडत राहिले. मुंबई टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके दिले. काही ठिपक्यांचं नाणं सहज मिळतं, काहींसाठी माणसं हट्टाला पेटतात. हे ठिपके छापील फोटोत धड मोजता येत नाहीत. भिंग घेऊन बसलेल्याला कधीकधी असं काही सापडतं जे कॅटलॉग लिहिणाऱ्याच्याही नजरेतून सुटलेलं असतं. अशा वेळी चेहरा सरळ ठेवून पुढचा लॉट मागावा. (हे जमायला वेळ लागतो.)

तांब्याच्या नाण्यांचं दुखणं वेगळं. चांगली काळसर-हिरवट झिलई आलेली शिवराई कुणीतरी पितांबरीने घासून लख्ख करतं आणि वर ‘साफ केली आहे’ असं अभिमानाने सांगतं. संग्राहकाच्या लेखी ती तिथेच मेली.

मग पैशाचा हिशेब. हातोडा पडतो त्या आकड्याला वस्तू मिळत नाही. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाव कंपनी खरेदीदाराकडून घेते ते शुल्क, लागतो. तो प्रत्येक लिलावघराप्रमाणे बदलतो, म्हणून अटींचं पान आधी वाचावं. समजा प्रीमियम २० टक्के आहे आणि हातोडा एक लाखाला पडला. प्रीमियमचे २०,०००, त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,६००. झाले १,२३,६००. वस्तूवरचा जीएसटी वेगळा, कुरिअर-विमा वेगळा. म्हणजे घरातून एक लाख काढून निघालेल्या माणसाने हात पंच्याहत्तर हजारांच्या आसपास खाली ठेवायला हवा. मी कॅटलॉगच्या समासात हा कमी केलेला आकडाच लिहितो, एक लाख लिहीतच नाही. हॉलमध्ये बसून टक्केवारी काढायला कुणाला फुरसत असते? तासाला शंभरच्या आसपास लॉट निघतात.

लंडन-न्यूयॉर्कला हा प्रीमियम आणखी चढा आहे. सोथबीज या बड्या लिलावघराने २०२५ च्या फेब्रुवारीत वीस लाख डॉलरपर्यंतच्या बोलीवर तो २७ टक्के केला होता. ऑनलाइन बोली लावून ‘स्वस्तात मिळालं’ म्हणणाऱ्यांनी बिल आल्यावर परत बोलावं.

आता हॉलमधलं. समोर कुणीच बोली लावत नसताना आकडा पुढे सरकताना दिसेल. घाबरू नका. विकणाऱ्याची राखीव किंमत असते, तिच्याखाली तो विकत नाही, आणि तिथपर्यंत लिलाव करणारा त्याच्या वतीने बोली चढवू शकतो, तसं अटींत आधी सांगितलेलं असेल तर. आपल्या १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं ६४ वं कलम फक्त लिलावाबद्दल आहे आणि वाचायला पाच मिनिटं लागतात. विकणाऱ्याने हक्क राखून ठेवला असल्याचं जाहीर केलेलं नसेल तर त्याला बोली लावता येत नाही. किंमत फुगवायला खोट्या बोली लावल्या असतील तर खरेदीदार व्यवहार मोडू शकतो. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते असंही त्यात आहे, पण बरीच घरं स्वतःच्या अटींत हे नाकारतात. म्हणून म्हटलं, अटींचं पान वाचा.

मी मागच्या रांगेत बसतो. कोण बोली लावतंय ते तिथून दिसतं. दुकानदार हात वर ठेवून असेल तर नाण्याला बाजारात पुढे गिऱ्हाईक आहे एवढं कळतं, आणि तो थांबला की बाजारभाव तिथे संपला हेही कळतं. त्याच्या पुढे दोन हौशी संग्राहक उरले की मात्र आकड्याला काही ताळतंत्र राहत नाही. एकदा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ आणि खिडकीपाशी बसलेले दुसरे यांची एका शिवराईवरून जुंपली. दोघंही नाण्याकडे बघत नव्हते, एकमेकांकडे बघत होते. गृहस्थांच्या बायकोने हळूच बाही ओढली, ‘अहो, बास आता.’ ते म्हणाले, ‘एकच, शेवटची.’ त्यानंतर बऱ्याच शेवटच्या झाल्या. त्या जातीची नाणी आठवडाभराने कुठल्याही नाणे प्रदर्शनात टेबलावर मिळाली असती.

यामागचं कारण अर्थशास्त्रात फार पूर्वी सापडलंय, आणि ते सापडलं मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावांत. १९७१ मध्ये तीन अमेरिकन पेट्रोलियम अभियंत्यांनी दाखवलं की बोली जिंकणाऱ्या कंपन्यांना त्या पट्ट्यांतून अपेक्षेपेक्षा कमी मिळतंय. सगळे अंदाज घेऊन बोली लावतात, आणि ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकलेला तोच जिंकतो. पुढे विकायच्या विचाराने नाणं घेणाऱ्याला हे तंतोतंत लागू आहे. दहा जाणत्या माणसांनी त्या किमतीला सोडलेली वस्तू तुम्ही घेतलीत, तर त्यांना काय माहीत होतं हे आधी विचारा. नातवंडांसाठी, स्वतःच्या आनंदासाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी. मग आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण तोही आदल्या दिवशी.

आणि आता जे लिहिणार आहे त्यावर कमेंटमध्ये मला बोल बसणार हे माहीत आहे. मराठी माणूस लिलावात सगळ्यात जास्त पैसे घालवतो ते ‘शिवकालीन’ या शब्दापायी. शिवराई म्हणजे महाराजांच्या हयातीतलंच नाणं असं नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेली ही नाणी पुढेही पाडली जात राहिली, दुदांडी शिवराई तर पेशवाईतली, आणि एकोणिसाव्या शतकातही ती बाजारात चालत होती. अक्षरांचं वळण, शब्दांची मांडणी, वजन यांवरून आधीची-नंतरची वेगळी काढता येते, पण त्यासाठी आधी अभ्यास लागतो. विकणाऱ्यांना आपलं हळवेपण नीट माहीत आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी सोन्याचा होन ‘शेतात सापडला’ म्हणून दाखवला, तर तो खोटा धरूनच चालावं. खरा निघाला तर आणखी पंचाईत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे असं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

भावना नको असं मी म्हणत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सोथबीजच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. हाताळणी, वाहतूक, विमा धरून खर्च सुमारे ४७ लाख. मला ते पटलं. वस्तू एकमेव, पात्यावर रघुजींचं नाव देवनागरीत, पुन्हा बाजारात येण्याची खात्री नाही. हीच बोली गाजावाजा करत लावली असती तर? २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट-वाटी लिलावाला आली. अंदाज वीस-तीस हजार डॉलरचा. वाद आणि बातम्या आधीच पेटलेल्या. विजय मल्ल्यांनी घेतलं अठरा लाख डॉलरला. तुम्हाला कुठली वस्तू हवी आहे हे लिलावाआधी फेसबुकवर टाकणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

परदेशातल्या मंडळींसाठी एक. ‘तू मुंबईत बोली लाव, मी डिसेंबरात येऊन घेऊन जातो’ असं चुलतभावाला सांगू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत सापडलं तर नाणंही जाईल आणि फ्लाइटही.

शेवटचा लॉट गेला की लोक बिलाच्या रांगेत उभे राहतात. मी आधी काउंटरवर न विकल्या गेलेल्या लॉटची यादी मागतो. राखीव किमतीला न पोचलेली नाणी असतात ती. बरीच घरं अशी नाणी राखीव किमतीला, कधी विकणाऱ्याला फोन करून त्याच्याही थोडं खाली, लगेच देतात. प्रीमियम लागतोच, पण खिडकीपाशी बसलेले गृहस्थ तोवर जेवायला गेलेले असतात.