दोनशे तासांत पायलट आणि रोज रात्री घरी?

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मोपाचा विमानतळ झाला, १८ मार्च २०२४ ला फ्लाय९१ ही एअरलाईन तिथून उडायला लागली, तेव्हापासून तर त्याला ऊतच आलाय. मजकूर थोडक्यात असा: 'कोणत्याही शाखेतून बारावी चालते. चष्मा असेल तर विसरा. २०० तास उडवा, रिजनल एअरलाईन घरातून उचलून नेते. अमेरिकेत १५०० तास लागतात, आपल्याकडे फक्त २००! विमान लहान, काम सोपं, रोज रात्री घरी. वर्षभरात मोठ्या कंपनीत उडी.' खाली सीट बुक करायचा नंबर.

मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवतो आणि माझा सख्खा भाचा एटीआर या पंख्यांच्या लहान प्रवासी विमानावर को-पायलट आहे. गेल्या आठवड्यात एका पालकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला, "सर, घालू का पोराला?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

'कोणतीही शाखा.' नाही. कमर्शियल पायलट लायसन्सला बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. ही अट काढायची चर्चा अधूनमधून होते, पण चर्चेवर कोणी फी भरू नये. आर्ट्स-कॉमर्सवाले हे दोन विषय एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून देतात, तो रस्ता सरळ आहे.

'चष्मा नको.' हेही खोटं. चष्म्याने नजर नीट होत असेल तर चालतं. रंग ओळखण्यात गडबड असेल तर मात्र गाडी अडते, आणि पुष्कळ पोरांना ते मेडिकललाच पहिल्यांदा कळतं. भाच्याची क्लास वन, म्हणजे कमर्शियल लायसन्सला लागणारी मेडिकल, बंगळुरूला हवाई दलाच्या केंद्रात झाली. पोटाची सोनोग्राफी कशाला, असं माझी बहीण तीन दिवस विचारत होती.

आता मुख्य थाप, २०० तासांची. २०० तास ही लायसन्सची किमान अट आहे, नोकरीची हमी नव्हे. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे पायलट-इन-कमांड, म्हणजे जबाबदार मुख्य पायलट, असावे लागता. हे सगळं बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी, बहुतेक एका इंजिनाच्या सेस्नावर. एअरलाईनला तुम्ही हवे असता ते तिच्या विमानावर. त्यासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीच्या विमानाची परवानगी, वेगळं करावं लागतं, त्याचे लाखो रुपये बऱ्याचदा उमेदवाराच्याच खिशातून जातात. शिवाय लेखी परीक्षा, सिम्युलेटरची चाचणी, मुलाखत.

भाच्याच्या हाती लायसन्स आलं २०१९ च्या शेवटी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली होती, म्हणजे हजारो तासांचे अनुभवी लोक त्याच रांगेत उभे. मागोमाग कोविड. दोन वर्षं हा पोरगा वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात पाइप मोजत बसला. मधल्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर काही दिसत नसताना उपकरणांवर उडवायच्या परवानगीची) मुदत संपली, ती चालू करायला पुन्हा पैसे भरून उडावं लागलं. बँकेचा हप्ता थांबला नाही. मेसेजमधलं 'घरातून उचलून नेते' वाचलं की माझी बहीण नुसती हसते.

अमेरिकेची तुलना तर उरफाटी आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं विमान, पडलं, ५० माणसं गेली. वेग घटला, विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांवरची उचल सुटण्याच्या, तोंडाशी आलं आणि कॅप्टनने दांडा पुढे ढकलायच्या जागी मागे ओढला. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे को-पायलटलाही साधारणपणे १५०० तास लागू लागले. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघांचेही तास १५०० च्या पुष्कळ वर होते. को-पायलट मात्र आदल्या रात्रभर सिएटलहून प्रवास करून ड्युटीला पोचली होती. आणि तिकडचा पोरगा हे तास भरतो ते बहुधा इन्स्ट्रक्टर म्हणून, पगार घेऊन. आपल्याकडे २०० तासांवर अडकलेल्याला पुढचे तास कमवायची जागाच फार थोडी. शिवाय कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला इथेही १५०० तासच.

'विमान लहान, काम सोपं.' इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. एटीआर-७२ जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालूच ठेवतात, फक्त त्याचा पंखा ब्रेकने अडवलेला असतो. आत दिवे आणि एसी त्याच्यावर चालतात, प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दाराने चढतात. याला हॉटेल मोड म्हणतात. काय सुरेख युक्ती आहे! पण हे विमान जेटइतकं उंच जात नाही, म्हणजे जुलैतला आमचा पाऊस त्याला वरून टाळता येत नाही, त्यातूनच वाट काढायची. लक्षद्वीपमधल्या अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर, टोकाला समुद्र. आणि कॉकपिटमधल्या दांड्यांची गल्लत किती महाग पडते ते १५ जानेवारी २०२३ ला नेपाळात पोखऱ्याला एटीआरच्याच अपघातात दिसलं: फ्लॅप्सच्या (पंखांच्या मागच्या झडपांच्या) दांड्याच्या जागी पंख्यांचे दांडे ओढले गेले, दोन्ही पंख्यांचा जोर गेला, ७२ जण गेले.

'रोज रात्री घरी.' बेस, म्हणजे पायलटने कुठून ड्युटी सुरू करायची ते ठिकाण, कंपनी ठरवते. भाच्याचा बेस हैदराबाद. मोपाला तो उतरतो तेव्हा घर पंधरा-वीस मिनिटांवर असतं आणि अर्ध्या तासात त्याला परत उडायचं असतं. स्टीलच्या डब्यातला उपमा तो कॉकपिटमध्येच खातो. पहाटेची ड्युटी असली की तीनला उठणं, मग ब्रेथ अ‍ॅनालायझर. उड्डाणाआधी १२ तास दारूचा थेंब नाही, म्हणून हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत घरी आला तरी तो सोडाच पितो, आणि मामा समोर बसून पितो ते बघतो. दिवसाला चार-चार लँडिंग. वर्षाला १००० तासांची मर्यादा, २०२५ पासून आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, हे नियम आहेत आणि चांगले आहेत. पण ते 'सुट्टी' नव्हेत. त्याच डिसेंबरात रोस्टर बसवता न आल्याने इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा पायलट किती मोजून-मापून असतात ते सगळ्यांनी पाहिलं. चवथीची रजा सीनियरना आधी मिळते. तीन वर्षांत भाच्याने एकच आरती घरी म्हटली.

उरली 'वर्षभरात उडी'. डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला बारा महिने नोटीस द्यावी लागते. ठरावीक वर्षं कंपनी सोडणार नाही असा बाँड असला तर तो वेगळा. एटीआरवरून एअरबसवर जायचं तर टाइप रेटिंग पुन्हा, आणि नव्या कंपनीत ज्येष्ठता शून्यापासून.

त्या पालकांना मी म्हटलं, सीट बुक करण्याआधी पोराची क्लास टू, म्हणजे सुरुवातीची, मेडिकल करून घ्या, मग क्लास वन, मग फीचं बोला. ते म्हणाले, "त्या नंबरवाल्याने मेडिकलचं काहीच सांगितलं नाही." उठता उठता त्यांनी विचारलं, "सर, ते एनआयओएसचे फॉर्म कधी निघतात?"

मुलगा कॉमर्सला आहे.