तिसरी यादी

आज शाळा सुटल्यावर आमची मीटिंग झाली. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचं मार्गदर्शन. बाहेरून आलेल्या सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि सांगितलं, प्रत्येकाने उद्यापर्यंत आपल्या वर्गाच्या तीन याद्या करून द्यायच्या. पहिलीत हमखास पात्र होणारी मुलं, दुसरीत थोडा जोर लावला तर होतील अशी, तिसरीत उरलेली. "दुसऱ्या यादीवर काम करा. तिसरीवर वेळ घालवू नका, त्याने निकाल हलत नाही."

निकाल हलत नाही म्हणे! दहा-अकरा वर्षांची पोरं आहेत ती. घरी आले, कुकर लावला, पोळ्या झाल्या, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

माझा वर्ग पाचवीचा, मराठी माध्यम. त्यातली एक मुलगी सरांच्या हिशेबाने सरळ तिसऱ्या यादीत जाते. नाव लिहीत नाही. कुर्ल्याला मिठी नदीच्या काठच्या वस्तीत राहते. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, मराठी ती शाळेत येऊनच शिकली. जोडाक्षराशी अजून अडखळते. परवा बुद्धिमत्ता चाचणीचा सराव चालला होता. प्रश्न नेहमीचाच, गटात न बसणारे पद ओळखा: विहीर, तळे, नदी, नळ. उत्तरसूचीत 'नळ'. हिने गोल काळा केला 'नदी'चा.

मी विचारलं, का गं? उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, बाकीच्या तिघांचं पाणी माणसं भरतात. नदीचं कोण भरतं?"

सांगा, काय चुकलं तिचं? तिने आयुष्यात पाहिलेली नदी ही एकच. मुंबईतल्या मुलाला मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा यांतली कुठलीही नदी दाखवा, तो तिला नालाच म्हणणार. आणि उत्तरसूचीचं म्हणणं काय, तर नळ माणसाने केलेला. मग विहीर काय आपोआप खणली जाते?

मग वर्ग पेटला हो. एकाचे वडील टँकरवर आहेत, तो म्हणाला आमचा टँकर विहिरीवरच भरतो. दुसरी म्हणाली, नळाचं पाणीपण तळ्यातूनच येतं ना बाई? येतंच की! तानसा, भातसा, मोडकसागर, दोन वैतरणा, आणि विहार-तुळशी तर आपल्या शहराच्या हद्दीतच. मी फळ्यावर नकाशा काढला. विहार भरून वाहतं, पवई भरून वाहतं, ते पाणी साकीनाक्यावरून कुर्ल्याला, तिथून बीकेसी, धारावी आणि शेवटी माहीमची खाडी. तुझ्या घरामागची मिठी ती हीच, असं म्हटल्यावर त्या मुलीने फळ्याजवळ येऊन कुर्ल्यावर बोट ठेवलं आणि विहारपर्यंत उलटं नेलं. एक मुलगा आजोबांनी सांगितलेली 26 जुलै 2005 ची गोष्ट सांगायला लागला, माळ्यावर बसून रात्र कशी काढली ती. मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकून ऐकत होती.

सरावसंच अर्धा राहिला. त्याबद्दल मला बोलून दाखवण्यात आलं, तेही आजच्याच मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. "मॅडम, ते परिसर अभ्यासाच्या तासाला घ्या." कुठला परिसर अभ्यासाचा तास? तो सरावालाच दिलाय ना!

ज्यांची मुलं या वयाची नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपल्या लहानपणी चौथी-सातवीला असायची तीच ही परीक्षा, मधल्या काळात पाचवी-आठवीला गेली, आता ती पुन्हा चौथी-सातवीला नेतायत. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद, त्यातच वाचायचं, विचार करायचा आणि गोल रंगवायचा. तोही बॉलपेनने. कालपरवापर्यंत शिसपेन्सिल आणि खोडरबर वापरणारी मुलं ही. एकदा गोल काळा झाला की झाला, खोडता येत नाही. आमच्या वर्गात हल्ली गोल रंगवायचा वेगळा सराव असतो, रेषेबाहेर जायचं नाही, टिंब ठेवायचं नाही. हात थरथरतो काही मुलांचा. आणि 72 सेकंदांत माझी ती मुलगी नदीबद्दल जे बोलली ते मावत नाही, आणि मावलं तरी लिहायला तिथे जागा नाही.

शिष्यवृत्तीने गरिबाघरच्या कित्येक मुलांना हुरूप आला, आत्मविश्वास आला, हे मान्य. माझ्याच ओळखीत आहेत अशी माणसं. परीक्षा बंद करा असं मी म्हणतच नाहीये. पण ही परीक्षा ज्याला बसायचं त्याने बसायची होती. ती शाळेच्या निकालाचा तक्ता कधीपासून झाली?

आणि ही काही एकच नाही. पायाभूत चाचणी झाली, संकलित चाचणी एक झाली, दोन येईल. पेपर तपासा, मग एकेका मुलाचे प्रश्नवार गुण मोबाइलवर चॅटबॉटमध्ये भरा. रात्री अकराला सर्व्हर चालतो म्हणून अकराला भरा. कशासाठी, तर मूल कुठे अडतंय ते कळावं म्हणून. अहो, मला कळतंय ते कुठे अडतंय! ते दुरुस्त करायला तास द्या मला. 4 डिसेंबर 2024 ला 'परख'चं सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. नमुना सर्वेक्षण ते, मुलाला गुणपत्रक नाही, पास-नापास नाही, देशातली मुलं कुठवर आलीत एवढंच बघायचं. तर त्याचीही रंगीत तालीम करून घेतली. मुलं आहेत तशी दिसूच नयेत याचीच ही सगळी धडपड. मग त्या आकड्यांवरून धोरण ठरवणाऱ्यांना दिसणार तरी काय? मुलं की आमची तालीम?

जरा शांत होते.

ते सरही वाईट माणूस नाहीत. त्यांनाही वरून टक्केवारी मागितली जाते आणि गेल्या वर्षीच्या आकड्यापुढे बाण वरच दाखवावा लागतो. चहा पिताना स्वतःच म्हणाले, मॅडम, मीही वर्गावर होतो हो. असतील. पण वर्गावर असलेल्या माणसाच्या तोंडून "तिसऱ्या यादीवर वेळ घालवू नका" निघतं कसं?

मीटिंगमध्ये माझ्या बाजूने एकच आवाज उठला. आमच्या सातवीच्या गणिताच्या बाई. पन्नाशी गाठलेली, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाप्रमाणे त्यांनाही दोन वर्षांच्या आत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचंय. नाही झाल्या तर नोकरी जाणार. 150 प्रश्न, अडीच तास, पुन्हा गोलच. मधल्या सुट्टीत एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात गाइड असतं त्यांच्या. शिक्षकाची पात्रता तपासा ना, जरूर तपासा, पण ज्यांच्या हाताखालून शेकडो मुलं अपूर्णांक शिकून गेली त्यांचा वर्ग एकदा तरी येऊन बघा की. त्या आज उठून एवढंच म्हणाल्या, "सर, माझ्या पात्रतेची यादी लागली तर मीपण सध्या तिसऱ्याच यादीत आहे." स्टाफरूम एकदम गप्प झाली. मला रडू आलं.

उद्या मी एकच यादी देणार आहे. हजेरीपटाप्रमाणे, सगळ्या मुलांची, एका रकान्यात. खुलासा मागितला तर लेखी देईन. सोमवारी पुन्हा तोच प्रश्न वर्गात घेणार आहे आणि चारही पदांसाठी कारणं लिहून घेणार आहे.

माझ्या मित्रयादीत शिक्षक मंडळी बरीच आहेत. तुमच्याकडेही अशा याद्या मागितल्या असतील तर खाली लिहा, शाळेचं नाव नको. आणि टीईटी पेपर दोन, गणित-विज्ञान, मराठी माध्यमाच्या जुन्या प्रश्नपत्रिका कोणाकडे असतील तर मला इनबॉक्स करा, बाईंना हव्या आहेत. रविवारी आम्ही दोघी बसणार आहोत.