डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन: गोगलगाय कोर्टात सिद्ध झालीच नाही

लॉच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरतो: ‘१९३२ साली इंग्लंडमध्ये एका बाईने जिंजर बिअर विकत घेतली, त्यात गोगलगाय निघाली, कोर्टाने भरपाई दिली आणि निष्काळजीपणाचा कायदा जन्माला आला.’ यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

‘विकत घेतली.’ नाही, मे डोनह्यूने फक्त प्यायली. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधल्या पेस्लीत, वेलमेडो कॅफेत, पैसे दिले ते तिच्या सोबतच्या व्यक्तीने. सगळा खटला याच्यावरच उभा आहे. पैसे तिचे नाहीत म्हणून कॅफेवाल्याशी तिचा करार नाही. बाटली सीलबंद, गडद काचेची, म्हणून त्याचा हलगर्जीपणाही दाखवता येईना. उरला उत्पादक स्टीव्हन्सन. त्याच्यावर ५०० पौंडांचा दावा लागला.

‘इंग्लंडमध्ये.’ अपील स्कॉटलंडचं होतं. या मुद्द्यावर दोन्हीकडचा कायदा सारखाच, असं धरून निकाल दिला गेला, म्हणून तो इंग्लंडलाही लागू झाला.

‘भरपाई दिली.’ स्टीव्हन्सनचं म्हणणं असं होतं की दाव्यातलं सगळं खरं धरलं, तरी कायद्याने माझ्यावर जबाबदारी येत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, २६ मे १९३२ रोजी तेवढाच मुद्दा स्टीव्हन्सनच्या विरोधात ठरवला, तोही ३ विरुद्ध २ अशा काठावरच्या बहुमताने. पुरावा पुढे व्हायचा होता. त्याआधीच स्टीव्हन्सन वारला आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. गोगलगाय होती की नव्हती, हे कोणत्याच कोर्टाने ठरवलं नाही.

‘जन्माला आला.’ निष्काळजीपणाचे दावे आधीही चालत. अडसर होता तो विंटरबॉटम विरुद्ध राइट (१८४२) सारख्या निकालांचा: टपालगाडी मोडून चालक जखमी झाला, पण देखभालीचा करार त्याच्याशी नव्हता म्हणून दावा फेटाळला गेला.

याच मजकुराला हल्ली एक शेपूट जोडलं जातं: ‘शेजारी म्हणजे कोणीही.’ उत्तरपत्रिकेत सर्वात महाग पडते ती ही चूक. शेजाऱ्याला इजा होणार नाही याची वाजवी काळजी घ्या, हे तत्त्व या निकालातल्या बहुमतातले न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी मांडलं. त्यांचा शेजारी म्हणजे ज्याला आपल्या कृतीची झळ थेट बसेल, म्हणून कृती करताना ज्याचा विचार आपण करायलाच हवा, तो. शिवाय उत्पादकासाठीचा नियम याहून अरुंद आहे: माल जसा निघाला तसाच ग्राहकापर्यंत पोचावा, अशी उत्पादकाची योजना हवी आणि मध्ये तपासणीची वाजवी शक्यता नको. बाटलीचा गडद रंग इथे कामाला येतो. ग्रँट विरुद्ध ऑस्ट्रेलियन निटिंग मिल्समध्ये (१९३५) लोकरीच्या आतल्या कपड्यांत राहिलेल्या सल्फाइट या रसायनाने ग्राहकाला त्वचारोग झाला. हे कपडे सीलबंद नव्हते, वापरण्याआधी धुताही आले असते. तरीही उत्पादक सुटला नाही. सल्फाइट डोळ्यांना दिसणारं नव्हतं आणि कपडे न धुता घालण्यासाठीच विकले होते.