‘ना डिग्री, ना भांडवल, ना बॉस’: त्या फॉरवर्डला एका दलालाचं उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. दोघं नुकतेच पदवी घेतलेले, एक निवृत्त, एक नोकरीला कंटाळलेला. मजकूर असा: ‘रिअल इस्टेटमध्ये या. ना डिग्री लागते, ना भांडवल, ना डोक्यावर बॉस. जमिनीचे भाव कधीच पडत नाहीत. महिन्याला एक डील, दोन टक्के, हिशोब तुम्हीच करा. फोन आणि ओळखी असल्या की झालं. आजच सुरू करा.’ खाली चौघांचाही प्रश्न एकच: खरंय का हे?

माझं घर दलालीवरच चालतं, तेव्हा धंद्याला नावं ठेवायचा प्रश्न नाही. या धंद्यात नव्या माणसांनी यावं असंही मला वाटतं. पण हा मजकूर वाचून येणारा माणूस सहसा वर्षभरात परत जातो आणि जाताना दोन-चार गिऱ्हाइकांचं वाटोळं करून जातो. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘डिग्री लागत नाही’

पदवी बहुतेक ठिकाणी लागत नाही, हे खरं. पण वाचणारा त्यातून ‘परवाना नाही, परीक्षा नाही’ असाही अर्थ काढतो, आणि लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. कॅलिफोर्नियात परवान्याच्या परीक्षेला बसण्याआधी १३५ तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं, टेक्सासमध्ये १८० तासांचं. आणि परवाना मिळाल्यावरही नवख्याला अनुभवी ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं. स्वीडनमध्ये तर दोन वर्षांचं विद्यापीठीय शिक्षण घेतल्याशिवाय नोंदणीच होत नाही. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याने (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी सक्तीची केली. विनानोंदणी काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो चढत चढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मजकुरातली दलाली दोन टक्के आहे, हे इथे आठवावं. महाराष्ट्रात २०२३ पासून या नोंदणीसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली.

इंग्लंडमध्ये मात्र आजही घरं विकून देण्यासाठी परवाना लागत नाही. तेवढ्यापुरता मजकूर बरोबर. पण तिथेही १९७९ च्या कायद्यानुसार व्यवहारात एजंटाचा स्वतःचा काही हितसंबंध असेल तर तो आधी सांगावा लागतो, आणि गिऱ्हाइकाला दाद मागता येईल अशा तक्रार निवारण योजनेचं सभासद व्हावंच लागतं.

कायदा हे सगळं कशासाठी मागतो, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. एक घर विकायला निघालं होतं. घर आईच्या नावावर, मोठ्या मुलाच्या हातात आईने सही केलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद. पार्टी तयार, टोकनची म्हणजे इसाराची रक्कम खिशात. सगळे हॉलमध्ये बसलेले आणि मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ‘रंग छान ठेवलाय तुम्ही.’ काका, म्हणजे तो मोठा मुलगा, म्हणाले, ‘आई गेली ना, त्याच वर्षी काढला.’

माझ्या मांडीवर ते पत्र होतं. सही खरी, शिक्के खरे, साक्षीदारही खरे. ‘काका, आई कधी गेल्या?’ ‘झाली की तीन वर्षं.’ देणारा माणूस गेला की असं मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर संपतं. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला ते घर एकट्याने विकायचा अधिकारच नव्हता. आणखी दोन भावंडं वारस होती आणि त्यातल्या एकाला विक्रीची कुणकुणही नव्हती. काका लबाड नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की कागद आहे म्हणजे झालं. माझ्याबरोबरचा जुना एजंट मला बाहेर नेऊन म्हणाला, ‘अरे, टोकन तर होऊ दे, नंतर बघू.’ त्या दिवशी टोकन झालं नाही आणि दलालीही गेली. रंगाचा विषय निघाला नसता तर मीसुद्धा ते टोकन हसत हसत घडवून आणलं असतं, हे आजही आठवलं की बरं वाटत नाही.

डिग्री नको, ठीक. पण खरेदीखत, वारस, बोजा, मुखत्यारपत्र हे शब्द कागदावर कुठे शोधायचे ते येत नसेल, तर तुम्ही फक्त कुलूप उघडून घर दाखवणारे आहात.

‘महिन्याला एक डील, दोन टक्के’

हिशोब आम्हालाच करायला सांगितलाय, तर करू. मिळालेल्या दलालीचे १०० भाग धरा. विकणारा तुमचा आणि घेणारा दुसऱ्या एजंटाचा असेल तर ५० त्याचे. उरलेल्या ५० मधून ऑफिसचा वाटा समजा ४० टक्के. नवख्याला बऱ्याचदा याहून जास्त द्यावा लागतो. राहिले ३०. म्हणजे मजकुरातले दोन टक्के तुमच्या हातात येताना ०.६ टक्के झाले. त्यातून जाहिरात, पेट्रोल, फोन, कर, आणि ज्या दहा साइट व्हिजिटमधून काहीच निघालं नाही त्यांचा खर्च.

आता ‘महिन्याला एक’. पहिल्या फोनपासून नोंदणीपर्यंत कर्जमंजुरी, कागदांची छाननी, घरातल्यांचं एकमत आणि विकणाऱ्याचं ‘जरा थांबा’ असे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर डील फुटू शकते. बँक कर्ज नाकारते, घेणाऱ्याची बदली होते, कधी मामा येऊन सांगतात की घराचं तोंड चुकलंय. दलाली बहुतेक वेळा अगदी शेवटी हातात पडते, फुटलेल्या डीलचं काहीच मिळत नाही. माझी पहिली दलाली सातव्या महिन्यात आली. तोवर १९ पार्ट्यांना घरं दाखवून झाली होती.

म्हणून ‘भांडवल लागत नाही’ या वाक्याचं वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. दुकान घ्यावं लागत नाही, माल भरावा लागत नाही, बरोबर. पण सहा ते नऊ महिने घरखर्च चालेल इतकी शिल्लक हेच इथलं भांडवल. ती नसली की माणूस पाचव्या महिन्यात हातघाईला येतो, आणि ‘टोकन तर होऊ दे, नंतर बघू’ हे वाक्य तेव्हाच तोंडात येतं.

‘भाव कधीच पडत नाहीत’

पडतात, आणि पडले की वर्षानुवर्षं उठत नाहीत. १९९१ च्या सुमारास जपानमधला फुगा फुटला, त्यानंतर तिथे जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांचे भाव चौथ्या हिश्श्याहून जास्त खाली आले. तिथल्या दलालांच्या ‘रिअल्टर’ संघटनेची सभासदसंख्या २००६ मध्ये साडेतेरा लाखांपुढे होती, २०१२ मध्ये ती दहा लाखांच्या आसपास उरली. तेजीत असेच मजकूर वाचून आलेले आणि मंदीत निघून गेलेले किती असतील, त्याचा अंदाज यावरून बांधा.

पण मला या वाक्यातली दुसरी चूक जास्त महत्त्वाची वाटते. धरून चालू की भाव पडणारच नाहीत. तरी दलालाची कमाई वाढते का? चांग-ताई शे आणि एन्रिको मोरेट्टी या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांची १९८० आणि १९९० च्या जनगणनेतली माहिती घेऊन हेच तपासलं. २००३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जिथे घरं महाग, तिथे एका डीलची दलाली मोठी. कारण टक्का सगळीकडे साधारण तोच. पण मोठी दलाली बघून दलालही तितकेच जास्त येतात. मग दर एजंटामागे विकलेली घरं कमी होतात आणि सरासरी कमाई फिरून जवळपास तिथेच येते. वाढलेला पैसा नव्या येणाऱ्यांच्या रिकाम्या फेऱ्यांत जिरतो.

म्हणजे हा मजकूर ज्या गोष्टीचं आमिष दाखवतो तीच इथली अडचण आहे. दार सताड उघडं आहे, म्हणून आत गर्दी आहे. ‘कुणीही करू शकतं’ हे वाक्य कोणत्याही धंद्याबद्दल ऐकलं की आधी विचारावं: मग ‘कुणीही’ला पैसे कोण देणार?

‘डोक्यावर बॉस नाही’

एक बॉस नाही, एवढंच. विकणारा रात्री अकराला फोन करतो, घेणाऱ्याला घर रविवारीच बघायचं असतं. अमेरिकेचं करखातं परवानाधारक एजंटांना बहुतांशी स्वयंरोजगारी धरतं. पगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी तिथेही स्वतःचा स्वतः बघायचा. पुढे चला.

‘फोन आणि ओळखी असल्या की झालं’

ओळखीवर पहिली दोन डील होतात. तिसऱ्यासाठी अनोळखी माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि विश्वास न ठेवायला त्याच्याकडे सबळ कारण आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते इतर तशाच घरांपेक्षा सरासरी ९.५ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. कारण वर केलेल्या हिशोबातच आहे. गिऱ्हाइकाला आणखी शंभर रुपये मिळवून द्यायचे तर माझ्या हातात साठ पैसे पडणार. त्यासाठी आणखी दहा दिवस मी का थांबू? त्यापेक्षा ‘ही ऑफर सोडू नका’ म्हणणं सोपं. गिऱ्हाइकाला ही आकडेवारी ठाऊक नसते, पण वास येतो. जो एजंट ‘थांबा, अजून दोन पार्ट्या बघू’ म्हणतो आणि खरंच थांबतो, त्याला पुढचं गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. ओळख ती ही.

नियमही त्याच दिशेने चाललेत. सिंगापूरमध्ये एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचा एजंट होता येत नाही. अमेरिकेत दलालीबद्दलच्या दाव्यात रिअल्टर संघटनेने केलेल्या तडजोडीनंतर ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्याला घर दाखवण्याआधी लेखी करार करावा लागतो, दलाली किती ते त्यात लिहून. तोंडी ‘बघू की नंतर’चे दिवस संपत आलेत.

आणि फोन. लांब बसून घराची किंमत नेमकी ठरवता येते हा समज झिलोसारख्या बलाढ्य कंपनीलाही (अमेरिकेतलं घरांच्या जाहिरातींचं संकेतस्थळ) महागात पडला. संगणकाने काढलेल्या किमतींवर घरं विकत घेऊन पुन्हा विकायचा त्यांचा उद्योग २०२१ च्या अखेरीस गुंडाळावा लागला, जवळपास चौथा हिस्सा नोकरवर्ग कमी करावा लागला. फोटोत कपाटामागची ओल दिसत नाही. दुपारी शांत वाटणाऱ्या खोलीत रात्री वरच्या मजल्यावरच्या पंपाचा आवाज येतो, तो तर कुठल्याच यादीत नसतो. मी घर दाखवायच्या आधी एकदा दुपारी आणि एकदा रात्री स्वतः जाऊन येतो, टेप घेऊन. सांगितलेलं माप आणि टेपचं माप यांत फरक निघाला की विकणारा आधी चिडतो, मग भाव खाली घेतो.

जे मजकुरात नाहीच

‘रिअल इस्टेट’ म्हणजे दलाली, असं मजकुराने गृहीत धरलंय. मूल्यांकन, मालकी हक्काचा शोध, भाडेकरारांचं काम, इमारतींची देखभाल-व्यवस्था, सर्वेक्षण, प्रकल्पाचा अर्थपुरवठा, बाजाराचा अभ्यास ही सगळी याच क्षेत्रातली कामं आणि त्यातली बरीचशी पगारी. सर्वेक्षकांची लंडनमधली संस्था १८६८ सालची आहे. म्हणजे हा पेशा फोन यायच्याही आधीचा. मला विचारणाऱ्यांपैकी हिशोबात पक्क्या पोराला मी मूल्यांकनाकडे पाठवलं. नोकरीला कंटाळलेल्याला म्हटलं, नोकरी सोडू नकोस, आधी सहा महिने शनिवार-रविवार भाड्याची घरं लाव. त्यात दलाली लहान, पण व्यवहार लवकर संपतो, आणि करारनामा वाचायची सवय लागते ती वेगळीच. निवृत्त गृहस्थ पूर्वी वकिलाकडे कारकून होते. त्यांना कागद माझ्यापेक्षा चांगले कळतात, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

राहिला तो दुसरा पदवीधर. त्याला दलालीच करायचीय आणि पुढच्या आठवड्यात एका ऑफिसात भेटायला बोलावलंय. त्याला मी प्रश्न लिहून दिलेत: माझा वाटा किती आणि तो कधी वाढणार? जाहिरातीचा खर्च कुणाचा? मी आणलेली पार्टी मी सोडून गेल्यावर कुणाची? डील झाल्यावर किती दिवसांत पैसे? कागद तपासतं कोण, आणि ते चुकले तर सही कुणाची? शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा हसण्यावारी नेऊ लागला तर चहा पिऊन निघायचं, असंही सांगितलंय.