वह्या गेल्या, डायपर आले

मे महिना संपत आला की आमच्या गावच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे यायचे, दारातूनच नव्या कागदाचा वास यायचा आणि आम्ही पोरं ब्राऊन पेपरच्या रोलवरून भांडायचो. परवा त्याच दुकानात गेलो तर वह्यांच्या फळीवर मोठ्या माणसांच्या डायपरची पाकिटं, मीडियम आणि लार्ज, बाजूला बीपी मोजायचं मशीन आणि शुगर फ्री बिस्किटं. काकांना विचारलं वह्या कुठे गेल्या, तर म्हणाले, "वह्यो कोणाक विकूं रे? पयलीं भुरगीं हाड गांवांत." म्हणजे आधी गावात पोरं आण. हसलो, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

आता सत्तरी तालुक्यातल्या एका दुकानावरून गोव्याचं भविष्य सांगायला मी काय ज्योतिषी नाही, पण आकडे पण तेच सांगतायत. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ६० च्या वरची माणसं ११.२ टक्के होती, देशात ८.६. केरळनंतर आपलाच नंबर. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती वेळेवर झालीच नाही, म्हणजे आपण अजून २०११ च्याच आकड्यांवर चाललोय, आणि तेव्हा पन्नाशीत असलेले आता कुठे पोचले ते तुम्हीच मोजा. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी पोरं, १.३. लोकसंख्या आहे तेवढी राहायलाच साधारण २.१ लागतो.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा घराघरात पाच-सहा पोरं होती आणि शाळा हीच सगळ्यात मोठी गरज होती. आज त्यातल्या कितीतरी शाळा पटसंख्या नाही म्हणून बंद झाल्या किंवा शेजारच्या शाळेत घातल्या. लगेच आपण म्हणतो, इंग्रजीने मारलं. २०११ ला इंग्रजी प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान द्यायचं ठरलं तेव्हाच्या माध्यमाच्या वादात घोषणा मी पण दिल्यात, नाकारत नाही, आणि इंग्रजीचा वाटा आहेच. पण अर्धी गोष्ट आपण बोलतच नाही, ती म्हणजे मुळात पोरंच कमी आहेत. बालरथ, म्हणजे शाळेची बस, चार-पाच गावं फिरून पोरं गोळा करतो तेव्हा कुठे एक वर्ग भरतो ना बाबा.

बरं, आपल्याकडे सोयी ठरतात त्या डोकी मोजून. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० मागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात २०,००० आणि ३,०००. अंगणवाडी ४०० ते ८०० लोकांमागे एक. म्हणजे ५,००० माणसांत दीड हजार पोरं असली काय आणि दीड हजार म्हातारे असले काय, कागदावर गाव सेमच! पण पोराला लस ठरलेल्या वेळी द्यायची आणि विषय संपला, म्हाताऱ्याला बीपी-शुगरची गोळी रोज, दर महिन्याला तपासणी, आणि गुडघा दुखतो म्हणून त्याला न्यायला-आणायला आणखी एक माणूस. ते माणूस कुठून आणायचं?

आमच्या आईचंच सांगतो. फास्टिंगची शुगर करायची म्हणून उपाशीपोटी सकाळच्या बसने निघायचं, ती बस शाळेच्या आणि कामावर जाणाऱ्यांच्या टायमाची, खचाखच भरलेली, आणि पायरी एवढी उंच की मागून ढकलावं लागतं. रक्त दिलं, डॉक्टरला दाखवलं, बारा वाजले. मग दुपारी बसच नाही, कारण दुपारी कामावर जाणारं कोणी नसतं. म्हातारी माणसं दोन-दोन तास स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मी बघतो. एखादा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, मिळतो, पण ७६ वर्षांच्या बाईला मोटरसायकलवर मागे बसवून पाठवायला माझा जीव होत नाही. दयानंद योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी मदतीचे, २००० रुपये महिन्याला येतात, चांगलंच आहे, पण ते बँकेतून काढायला पण नेणारा कोणीतरी पाहिजेच. तो कोणीतरी पुण्याला, दुबईला नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला, आणि माझ्यासारखा एखादा गावात राहिलेला चार घरांचा ड्रायव्हर झालाय.

नारळ काढायला पाडेली मिळत नाही ते वेगळंच. गेल्या चवथीला आमच्या वाड्यावर तीन घरांची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची आरास, एकाच पोराने बांधली, कारण स्टुलावर चढून वर हात करणारा तेवढाच एक.

आणि एक गंमत, वाईट वाटलं तरी चालेल. शेजारच्या आजींकडे चोवीस तास राहणारी केअरटेकर बाहेरच्या राज्यातली, तिची दोन पोरं आमच्याच सरकारी शाळेत, आणि त्या दोघांमुळे शाळेचा पट टिकलाय. म्हणजे आमची म्हातारी सांभाळायला पण तीच आणि मराठी शाळा जगवायला पण तिचीच पोरं! आणि आम्ही संध्याकाळी देवळासमोर बसून भायल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्यांना, शिव्या घालतो.

मागच्या रविवारी ग्रामसभा होती, त्यात चिल्ड्रन पार्क वाढवायची मागणी आली. असलेल्या पार्कातले झोके गंजलेत, संध्याकाळी तिथे बसतात ते सगळे सत्तरीतले (वयाच्या म्हणतोय, तालुक्याच्या नाही). मी उभा राहून म्हटलं, झोके राहूदेत, पाठ टेकायला येईल असे चार बाक घाला, पायऱ्यांना रेलिंग लावा आणि दुपारी साडेबाराला एक बस मागा. पंच हसले, म्हणाले लिहून द्या. लिहून दिलंय. बघूया.

तोपर्यंत वाळपई भागात घरी येऊन रक्ताचं सॅम्पल नेणारं कोणी माहीत असेल तर प्लीज कमेंटमध्ये सांगा. पणजी-म्हापशातले नको, ते फोनवर गावाचं नाव ऐकूनच नाही म्हणतात.